राजकीय ब्लॉगला वृत्तमाध्यमाचा दर्जा मिळवताना: नाशिकमधील नवोदितांसाठी मार्गदर्शक

नाशिक महापालिकेच्या महासभेवर, जिल्हा परिषदेच्या कारभारावर किंवा तालुक्यातील बाजार समित्यांच्या राजकारणावर स्वतःच्या संकेतस्थळावरून नियमित लिहिणारी अनेक मंडळी आज शहरात आहेत. त्यांपैकी पुष्कळ जण कागद वाचतात, प्रभागात फिरतात, माणसांशी बोलतात. मात्र पत्रकार परिषदेच्या दारात उपस्थितीचा कागद पुढे येतो आणि ‘नाव, माध्यम, मोबाईल’ या तीन रकान्यांपैकी मधल्या रकान्यात काय लिहायचे, या प्रश्नावर त्यांची लेखणी थबकते. या सगळ्या वाटेने मी गेले आहे आणि तुमचे हेलपाटे वाचावेत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. डिजिटल माध्यमात लिहिणाऱ्याला ‘तुम्ही आजपासून पत्रकार’ असा दाखला देणारे एकही कार्यालय भारतात नाही. लिहिण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १९ मधून प्रत्येक नागरिकाला मिळालेला आहे आणि त्यासाठी परवाना लागत नाही. प्रेस कौन्सिल १९७८ च्या कायद्याने स्थापन झाली असून तिचा अधिकार वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरता आहे. १ मार्च २०२४ पासून लागू झालेला प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ हा छापील नियतकालिकांसाठी आहे. डिजिटल बातम्यांना लागू होतात ते २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेले माहिती तंत्रज्ञान नियम, आणि त्यांतही ‘नोंदणी’ हा शब्द तुमच्यासाठी नाही. त्यामुळे मान्यता ही एका अर्जाने मिळणारी वस्तू नसून ती थराथराने जमते, आणि त्यातला सर्वांत खालचा थर तुमच्या स्वतःच्या शिस्तीचा असतो. खालील क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. आपण नेमके काय आहोत, हे ठरवा

२०२१ च्या नियमांत ‘बातम्या व चालू घडामोडींचा प्रकाशक’ याची व्याख्या दिली आहे. ऑनलाइन वृत्तपत्र, वृत्त पोर्टल, वृत्तसंकलक (इतरांच्या बातम्या एका ठिकाणी दाखवणारे) आणि वृत्तसंस्था तिच्यात येतात. मात्र पद्धतशीर व्यवसाय किंवा व्यावसायिक काम म्हणून मजकूर प्रसारित न करणारी व्यक्ती तिच्यात येत नाही. म्हणजे नोकरी सांभाळून महिन्यातून दोनदा राजकीय मत मांडणारा लेखक या चौकटीबाहेर राहतो, तर रोज बातम्या देणारा, जाहिराती घेणारा आणि बातमीदार नेमणारा माणूस चौकटीत येतो.

दोन्ही भूमिका सन्मानाच्या आहेत, पण दोन्हींचे फायदे एकाच वेळी मागता येत नाहीत. पत्रकार कक्षात जागा हवी असेल तर तक्रार ऐकून घेण्याची आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर देण्याची जबाबदारीही घ्यावी लागते. केवळ मतलेखन करायचे असेल तर पुढच्या काही पायऱ्या गाळल्या तरी चालतील, तिसरी मात्र कोणीही गाळू नये.

२. नाव, पत्ता आणि जबाबदार व्यक्ती जाहीर करा

ज्या संकेतस्थळावर संपादकाचे नाव नाही, त्याच्याशी कोणताही अधिकारी मोकळेपणाने बोलणार नाही, आणि त्याने का बोलावे? मालक, संपादक, टपालाचा पत्ता, ईमेल आणि तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव हे सारे एका स्वतंत्र पानावर द्या आणि प्रत्येक बातमीखाली त्या पानाचा दुवा ठेवा. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता, स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर घ्या. ते संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर राहिले तर वाद झाल्यावर सगळा जुना मजकूर त्याच्या हातात राहतो.

व्यवसाय म्हणून पुढे जायचे असल्यास पॅन, स्वतंत्र बँक खाते आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद करून घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणीही विनामूल्य होते. येथेच पहिला मोठा सापळा आहे. उद्यम प्रमाणपत्र म्हणजे सूक्ष्म उद्योगाची नोंद असते. ‘भारत सरकार मान्यताप्राप्त न्यूज चॅनल’ असे शब्द त्या प्रमाणपत्राच्या आधारावर छापणे वाचकाची सरळ दिशाभूल करणारे आहे, आणि शासनाच्या जिल्हा माहिती कार्यालयातल्या जाणकार कर्मचाऱ्याला ते पाहताक्षणी कळते.

३. आचारसंहिता लिहून काढा आणि ती वाचकांसमोर ठेवा

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण राजकीय ब्लॉग आणि वृत्तमाध्यम यांतला खरा फरक येथेच पडतो. सुरुवातीला प्रेस कौन्सिलची पत्रकारितेच्या आचरणाची मानके पूर्ण वाचा. २०२१ च्या नियमांसोबतची नीतिसंहिताही त्यांचाच हवाला देते. नंतर आपल्या कामाला लागू पडेल अशी दोन पानांची संहिता सोप्या मराठीत लिहा. तिच्यात पुढील बाबी असायलाच हव्यात.

बातमी आणि मत वेगळे ठेवा. ‘स्थायी समितीने विषय तहकूब केला’ ही बातमी आहे, ‘ठेकेदाराला वाचवण्यासाठी विषय तहकूब केला’ हा आरोप आहे, आणि आरोपाला पुरावा लागतो. मतलेखावर वर ठळकपणे ‘मत’ असे लिहा. राजकीय लेखकांच्या हातून सर्वाधिक गफलत एकाच वाक्यात घटना आणि हेतू मिसळण्याने होते.

आपले लागेबांधे उघड करा. तुम्ही एखाद्या पक्षाचे सभासद असाल, पूर्वी एखाद्या नगरसेवकाच्या प्रचाराचे काम केले असेल, घरातले कोणी पालिकेचे कंत्राट घेत असेल, तर त्या विषयावरच्या लेखाखाली ते लिहा. राजकीय मत असणे हा दोष नाही. ते लपवून तटस्थ बातमीदाराचा आव आणणे हा दोष आहे.

ज्याच्यावर लिहिता त्याला बोलण्याची संधी द्या. समजा, एखाद्या काँक्रीट रस्त्याचे काम अपुरे असताना पूर्ण देयक निघाल्याची माहिती तुम्हाला मिळाली आहे. संबंधित कार्यकारी अभियंत्याला फोन करून ‘काय म्हणणे आहे’ एवढे विचारून भागत नाही. कार्यादेशाचा (ठेकेदाराला काम सुरू करण्यासाठी दिलेल्या आदेशाचा) क्रमांक आणि दिनांक, मोजमाप पुस्तकात (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीत) किती लांबीची नोंद झाली, देयक कोणत्या तारखेला मंजूर झाले आणि प्रत्यक्ष जागेवर तुम्हाला किती लांबी दिसली, असे चार नेमके प्रश्न ईमेलने पाठवा, उत्तरासाठी वाजवी वेळ द्या आणि तो वेळ ईमेलमध्ये लिहा. उत्तर आले तर ते मोडतोड न करता छापा. न आल्यास ‘अमुक दिवशी प्रश्न पाठवले होते, बातमी प्रसिद्ध होईपर्यंत उत्तर आले नाही’ असे लिहा. हा एक ईमेल पुढे न्यायालयात तुमच्या सद्‌हेतूचा आधार ठरू शकतो.

चूक उघडपणे दुरुस्त करा. मजकूर गुपचूप बदलू नये. दुरुस्तीची नोंद साधारण अशी असावी: ‘या बातमीत कामाची मुदत सहा महिने असल्याचे म्हटले होते. कार्यादेशानुसार ती नऊ महिने आहे. वाचकाने लक्षात आणून दिल्यावर १४ तारखेला सायंकाळी दुरुस्ती केली.’ एवढे पुरे होते. त्यात माफीचा पाल्हाळ नको आणि सबबही नको.

पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे लिहा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, कार्यसम्राटांचे गौरवलेख, उद्घाटनांचे सचित्र वृत्तान्त हे सारे पैसे घेऊन छापले असतील तर ती जाहिरातच आहे. पत्रकार परिषदेनंतर पाकीट किंवा भेटवस्तू स्वीकारायची नाही, हा नियमही लेखी असू द्या, म्हणजे तुमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलाला नकार देताना संकोच वाटत नाही.

४. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला माहिती कळवा

२०२१ च्या नियमांतील नियम १८ प्रमाणे डिजिटल वृत्त प्रकाशकाने काम सुरू केल्यापासून ३० दिवसांत मंत्रालयाला आपली माहिती विहित नमुन्यात द्यायची असते. प्रकाशनाचे नाव, भाषा, संकेतस्थळ व समाजमाध्यमांवरील खात्यांचे पत्ते, संस्थेचे स्वरूप आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील तयार ठेवा. त्याची पोच जपून ठेवा, कारण पुढे जवळपास प्रत्येक ठिकाणी ती मागितली जाते.

ही पोच म्हणजे मान्यता नव्हे. ‘मंत्रालयाकडे नोंदणीकृत’ असे लिहू नका. ‘नियम १८ नुसार माहिती सादर केली आहे’ असे लिहा.

तक्रारीसाठी नियमांनी तीन स्तर आखले आहेत: पहिला स्वतः प्रकाशक, दुसरा प्रकाशकांची स्वनियमन संस्था आणि तिसरा केंद्र सरकारची देखरेख. पहिल्या स्तरावर भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि निर्णय १५ दिवसांत कळवायचा. प्रसिद्ध केलेल्या मजकुराची नोंद किमान ६० दिवस ठेवायची असते. मी तर कायमची ठेवा असे सांगेन.

येथे एक महत्त्वाची घडामोड ठाऊक हवी. नीतिसंहितेचे पालन बंधनकारक करणारा नियम ९(१) आणि त्रिस्तरीय रचनेचा नियम ९(३) यांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे हेही त्या प्रकरणातील याचिकाकर्ते होते. सरकारने वृत्तमाध्यमांच्या मजकुरावर देखरेख ठेवावी का, हा वाद त्यामागे आहे आणि माझ्या मते न्यायालयाची ती चिंता रास्त होती. परंतु या स्थगितीचा अर्थ ‘आता तक्रार ऐकण्याची गरज नाही’ असा घेऊ नका. सरकारी देखरेख नको असे म्हणणाऱ्याने स्वतःची देखरेख अधिक कडक ठेवावी लागते, म्हणून तक्रार अधिकारी, २४ तास आणि १५ दिवस हे वेळापत्रक स्वेच्छेने पाळा.

५. छापील नियतकालिक काढावे का?

‘साप्ताहिकाची नोंदणी करून टाका, मग कोणी विचारत नाही’ असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. छापील नियतकालिकाचे शीर्षक आणि नोंदणी आता प्रेस सेवा पोर्टलवरून भारताच्या प्रेस महानिबंधकांकडे एकत्रित अर्जाने मागता येते आणि जिल्हा प्रशासनाला आपले म्हणणे मांडण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. प्रक्रिया पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे, हे खरे.

परंतु नोंदणीनंतर अंक नियमितपणे छापावा लागतो, वार्षिक विवरण भरावे लागते आणि त्यात कसूर झाल्यास नोंदणीवर कारवाई होऊ शकते. खरोखर छापून वाचकांपर्यंत पोहोचवायचे असेल तर जरूर काढा. नाशिकला ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’ यांच्यासारख्या छापील दैनिकांची मोठी परंपरा आहे. फक्त ओळखपत्रासाठी चार प्रती काढणार असाल तर तो वेळ आणि पैसा बातमीवर खर्च करा.

६. जिल्हा माहिती कार्यालयाशी संबंध जोडा

येथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि नवोदित त्या एकच समजतात. पहिली म्हणजे शासकीय प्रेसनोट आणि पत्रकार परिषदांचे निमंत्रण मिळणाऱ्यांच्या यादीत नाव असणे. दुसरी म्हणजे अधिस्वीकृती, म्हणजे माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून नियमांनुसार मिळणारी पत्रिका, जिच्यावर एसटी प्रवासासारख्या सवलती अवलंबून असतात. अधिस्वीकृतीचे अर्ज समितीपुढे जातात. पहिली गोष्ट चांगल्या कामाने तुलनेने लवकर साधते. दुसरीला अनुभव, माध्यमाचा प्रकार आणि कागदपत्रे यांच्या अटी लागतात. त्या अर्जाआधी कार्यालयातून समजून घ्या, ऐकीव माहितीवर फाइल तयार करू नका.

कार्यालयात जाताना सोबत न्यायचे कागद:

- संपादकाच्या सहीचे पत्र, ज्यात प्रकाशनाचे नाव, सुरू झाल्याची तारीख आणि कामाचे स्वरूप दिले आहे
- नियम १८ नुसार दिलेल्या माहितीची पोच
- डोमेनच्या मालकीचा पुरावा
- पॅन, आधार आणि आस्थापनेच्या नोंदीची प्रत
- बातमीदारांची नेमणूकपत्रे आणि मानधन बँकेतून दिल्याच्या नोंदी
- स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या, विषय निवडून लावलेल्या बातम्यांच्या छापील प्रती
- आचारसंहिता आणि आजवर केलेल्या दुरुस्त्यांची यादी

शेवटचा कागद कोणी मागत नाही. तरीही तो न्या. आपल्या चुकांची यादी स्वतःहून समोर ठेवणारे माध्यम अधिकाऱ्याच्या लक्षात राहते. बातम्यांच्या प्रती निवडताना प्रेसनोट जशीच्या तशी टाकलेली एकही बातमी त्यात असू नये.

केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाची २०२२ ची अधिस्वीकृती मार्गदर्शक तत्त्वे डिजिटल प्रकाशकांचा विचार करतात, पण इतरांच्या बातम्या गोळा करून दाखवणाऱ्या संकलकांना त्यांत स्थान नाही. जिल्हा पातळीवर काम करणाऱ्याने आपले लक्ष राज्याच्या प्रक्रियेवर ठेवावे.

७. विकत मिळणाऱ्या ओळखपत्रांपासून दूर राहा

ठरावीक रक्कम भरा, फोटो पाठवा आणि आठ दिवसांत ‘प्रेस’ कार्ड, गाडीचे स्टिकर आणि नियुक्तिपत्र घ्या, असे संदेश तुमच्या मोबाईलवर येतील. काही संस्थांची नावे सरकारी संस्थांशी मुद्दाम मिळतीजुळती ठेवलेली असतात. राजमुद्रेचा अनधिकृत वापर २००५ च्या कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे कार्डावर सिंहमुद्रा दिसली तर ते हातातही घेऊ नका. तुमच्या माध्यमाचे ओळखपत्र तुम्ही स्वतः देऊ शकता. त्यावर माध्यमाचे नाव, बातमीदाराचे नाव, संपादकाची सही, मुदत आणि पडताळणीसाठी दूरध्वनी असावा, याहून अधिक काही नसावे. टोलनाक्यावर किंवा वाहतूक पोलिसासमोर ते पुढे करण्याची सवय लावून घेऊ नका.

८. कागदावर उभी राहणारी बातमी द्या

२०२७ च्या सिंहस्थाची कामे, तपोवनातील साधुग्रामासाठीच्या वृक्षतोडीचा वाद, गोदावरीचे प्रदूषण, लासलगावच्या कांद्याचे राजकारण असे विषय नाशिकमध्ये प्रत्येक जण लिहितो. तुमचे लेखन वेगळे ठरेल ते विषयपत्रिका, ठराव, इतिवृत्त, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तक वाचल्याने. महासभेच्या विषयपत्रिकेपेक्षा ऐनवेळच्या जादा विषयांकडे अधिक लक्ष द्या.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या शुल्कात होतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, हे विसरल्यामुळे कित्येक अर्ज परत येतात. उत्तरासाठी ३० दिवस, त्यानंतर पहिल्या अपिलासाठी ३० दिवस आणि दुसऱ्या अपिलासाठी ९० दिवस अशी मुदत आहे. दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नाशिकमध्येच आहे. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असे लिहू नका. ‘अमुक कार्यादेशाखालील मोजमाप पुस्तकातील नोंदींची प्रत द्या’ असे लिहा.

९. पैसा कुठून येतो, ते तपासा

वाचकांकडून वर्गणी घेणे चांगले, पण परदेशातून येणाऱ्या रकमेबाबत काटेकोर राहा. नोंदणीकृत वृत्तपत्राचे बातमीदार, स्तंभलेखक, संपादक व मालक यांना, तसेच इलेक्ट्रॉनिक माध्यमातून श्राव्य किंवा दृक्‌श्राव्य बातम्या व चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना आणि त्यांच्या संपादक-बातमीदारांना विदेशी अंशदान कायदा, २०१० नुसार विदेशी देणगी घेता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम यात मोडत नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मोडते. त्यामुळे अमेरिकेतील कौतुक करणाऱ्या वाचकाला आधी त्याचे नागरिकत्व विचारा.

१०. निवडणुकीच्या काळातली शिस्त

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. १२२ जागांची नाशिक महापालिका आणि जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन्हींचे आदेश वेगळे असतात, म्हणून एकाचा आदेश दुसऱ्याला लागू आहे असे धरून चालू नका. मतदान केंद्रात आणि मतमोजणीच्या ठिकाणी जाण्यासाठी प्राधिकारपत्र लागते. तुमच्या स्वतःच्या ओळखपत्रावर प्रवेश मिळत नाही. त्यासाठीची यादी आधीच तयार होते, म्हणून कार्यक्रम जाहीर होताच माहिती कार्यालयात चौकशी करा.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार बंदीच्या काळात मतदानोत्तर चाचणी (एक्झिट पोल) कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही. ‘मतदारसंघात कोण पुढे’ असा आकडेवारीचा तक्ता त्या दिवशी टाकण्याचा मोह आवरा. पक्ष किंवा उमेदवाराची जाहिरात घेताना माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीचे प्रमाणपत्र मागा आणि त्याची प्रत ठेवा.

११. नोटीस आली तर

बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी लिहिले ते खरे आहे’ एवढाच बचाव पुरत नाही. ते लोकहितासाठी प्रसिद्ध करणे आवश्यक होते, हेही दाखवावे लागते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड होईल असा तपशील, मग तो गाव-गल्लीचा का असेना, कलम ७२ नुसार आणि बालकांबाबत पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार छापता येत नाही. याउलट, कोणी ‘६६अ लावू’ अशी धमकी दिली तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केले आहे, हे त्यांना लेखी कळवा.

वकिलाची नोटीस आली की मजकूर घाईने काढू नका आणि समाजमाध्यमावर नोटिशीची खिल्लीही उडवू नका. संबंधित बातमी, तिच्या सर्व आवृत्त्या, पाठवलेले ईमेल, मूळ ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रांच्या मूळ फाइल स्वतंत्र ठिकाणी साठवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. चूक आढळली तर दुरुस्ती आणि खुलासा त्याच ठळकपणे प्रसिद्ध करा. नसल्यास मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालील नागरिक यांना तेथे मोफत वकील मिळू शकतो, आणि अर्जासोबत नोटिशीची प्रत व बातमीची छापील प्रत द्यावी.